चारशेच्या वरचे तीन सेकंद

कारंजा (लाड)
२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

योगिनी,

फोनवर ब्लॉक केलंस, इन्स्टावरून काढलंस, रुचिकाला बजावून ठेवलंस की माझं नाव काढायचं नाही. ठीक. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं तर फाड. पण फाडण्याआधी तू एकदा वाचशील. तू मीटरसोबत आलेला माहितीचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचायचीस.

तू घरी किन्हीराजाला बसून सातवी-आठवीच्या पोरांना गणित शिकवतेस, हे रुचिकाकडूनच कळलं. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला एसटी स्टँडवर गाठून अर्धा तास डोकं खाल्लं तेव्हा ती बोलली. म्हणाली, "योगिनी आता टॉर्चचा सेलबी सोता बदलत नाई. भावाले सांगते. मनते, माह्यानं उलटा बसला तर?"

हे ऐकल्यापासून मी धड जेवलेलो नाही. उलटा बसला तर! तुझ्याकडून? आख्ख्या बॅचची पोट्टी तुझ्याकडून बोर्ड तपासून घ्यायची. कॉलेजच्या चौकशी समितीच्या त्या तीन टकल्यांनी एका कागदावर लिहिलं की विद्यार्थिनीने कॅपॅसिटर उलटा बसवला, आणि तू खाली सही केलीस? दवाखान्यातून आलेली, डोळ्यावर पट्टी, आणि सही? काहून केली?

मी असतो तर करू दिली नसती. पण मी तेव्हा विभागप्रमुखांची कॉलर धरून बाहेर पडलो होतो. ते तुला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे.

आता मी इथल्या एका जिनिंगमध्ये आहे, इलेक्ट्रिशियन जानरावकाकांच्या हाताखाली. सरकी एकीकडं, रुई एकीकडं, मधे कानठळ्या बसवणारा आवाज. आवाजाचं काही नाही. त्रास फाटकावरच्या वजनकाट्याचा आहे. कापसाची गाडी चढली की लाल आकडे पळायला लागतात. चारशे, साडेचारशे, पाचशे. आकडा थांबेपर्यंत मी पाठ फिरवून उभा राहतो. काटेवाला हसतो. "काय बे प्रसेन, काट्याले लाजतं का?"

त्याला काय सांगू?

प्रसेनजित

१५ डिसेंबर २०२४

योगिनी,

तीन आठवडे झाले. पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं.

काल जानरावकाका नव्या मुकादमाला पॉवर फॅक्टर समजावत होते. तू असतीस तर वहीत लिहून घेतलं असतंस. म्हणाले, "हे पाय, दोन हमाल रुईची गाठ उचलून राह्यले. एकानं 'हं' मनलं का दोघायनं संगच उचलाव. एकानं आता उचलली अन दुसऱ्यानं जराशानं, तं दम दोघायचाबी जाते, गाठ जाग्यावरच. तसंच व्होल्टेज अन करंटचं हाय. संग चालले तं काम, नाई तं निसता घाम." मुकादम म्हणाला, "मंग मागच्याले शिवी द्याची!" काका म्हणाले, "शिवी नाई, कॅपॅसिटर द्याचा."

मी हसलो. मग पॅनेलच्या मागं जाऊन उभा राहिलो. हसल्याचाच राग आला होता.

आपला बोर्ड हेच काम करणार होता, फक्त मोटरऐवजी चार्जर-इन्व्हर्टरसारख्या यंत्रांसाठी. ही यंत्रं लाटेच्या टोकावर एकदम घटाघट करंट ओढतात. आपल्याला त्यांना लाटेप्रमाणं घोटघोट प्यायला शिकवायचं होतं. कसं शिकवायचं, यावर आपली सहा महिने भांडणं. तू म्हणायचीस, करंटची सरासरी धर, तिला लाटेमागं चालव. मी म्हणायचो, खाली-वर दोन बांध घाल, करंट त्यांच्यामधे उड्या मारत जाईल, हिशेबाची कटकटच नाही. तू दातांत जिभेचं टोक धरून सोल्डर करायचीस आणि वर न बघता म्हणायचीस, "तुह्या उड्या तुह्यासारख्याच हायेत."

एका गोष्टीवर मात्र तू हसत नव्हतीस. आतला लूप करंट सांभाळतो, तो चपळ पाहिजे. बाहेरचा लूप चारशे व्होल्ट सांभाळतो, तो मुद्दाम सावकाश ठेवायचा. "बाहेरच्यानं घाई केली का करंट वाकडा होते. तो हळूच चालू दे, प्रसेन. लोड काढल्यावर व्होल्टेज थोडं चढीन, ट्रिप होऊन बोर्ड बंद पडीन, पडू दे. ट्रिप त्याच्यासाठीच हाय." हे तू किती वेळा बोललीस? मला अजूनही ऐकू येतं. जिनिंगच्या आवाजातून येतं.

आणि पैज. विसरली नसशील. परीक्षकांपुढं पूर्ण लोड काढल्यावरही व्होल्टेज चारशेपासून वीसच्या वर हललं नाही आणि ट्रिप झालं नाही, तर तू कारंज्याला माझ्या घरी येणार. बेबीताईच्या हातचं जेवणार. माझ्या आईला आई न म्हणता सगळे बेबीताई म्हणतात, याचं तुला हसू यायचं. मराठ्याची पोर, आमच्या वस्तीत, आमच्या चुलीपाशी. तुझ्या घरी कळलं असतं तर काय झालं असतं, ते आपण दोघं कधी बोललो नाही. तू फक्त म्हणालीस, "जिंक मंग."

लोक काय म्हणतात ठाऊक आहे? म्हणतात, पोरीचा डोळा गेला आणि त्या पोट्ट्यानं तिच्यासाठी कॉलेजवर लाथ मारली. वस्तीत पोरं मला मान देतात. मी खाली मान घालतो, त्यांना वाटतं दुःखानं.

तुझी चूक नव्हती, योगिनी. मी सांगतो म्हणून मान.

प्रसेनजित

७ जानेवारी २०२५

योगिनी,

आज जानरावकाकांनी मला सगळ्या कामगारांसमोर थोबाडीत मारली.

इथं कॅपॅसिटरचं मोठं पॅनेल आहे. दार उघडलं की दाराचा स्विच सप्लाय तोडतो, मग आत हात घालायचा. आत कोणता कॉन्टॅक्टर सारखा कटकट करतो ते मला चालू पॅनेलमधेच पाहायचं होतं. बंद करा, दार उघडा, चालू करा, कोण करत बसणार? मी दाराच्या स्विचवर तारेचा तुकडा गुंडाळला. हात आपोआप गेला. विचारसुद्धा केला नाही.

काका मागून आले. तार पाहिली. आधी मेन बंद केला, मग थप्पड.

"कोनाचा डोया घालवशीन का बे?"

त्यांना तुझ्याबद्दल काही माहीत नाही. मी कधी सांगितलेलं नाही. जिनिंग चालू होतं, तरी मला दुसरं काहीच ऐकू आलं नाही.

मग त्यांनी त्यांची ती लाकडी मुठीची दांडी काढली. रोज हेच करतात. सप्लाय गेला तरी कॅपॅसिटर भरलेला असतो, म्हणून आधी साठ आकडे मोजतात, मोठ्यानं, गावच्या शाळेतल्यासारखे. मग एकेकाला दांडी टेकवतात आणि म्हणतात, "झाला मोकया." आज सगळ्यांना टेकवून झाल्यावर माझ्याकडं बघून म्हणाले, "तुह्यात काय भरलं हाय बे? दोन मयने पाहून राह्यलो. काट्याकडं पाठ, पॅनेलपाशी थरथर. कोनापाशी तं मोकया हो."

रविवारी लिहितो.

प्र.

१२ जानेवारी २०२५

योगिनी,

बोर्ड माझ्याकडं आहे.

समितीला तो सापडला नाही, कचऱ्यात गेला असं ठरलं. तो कचऱ्यात गेला नव्हता, माझ्या बॅगेत होता. तुला सगळे उचलून रिक्षात घालत होते, ललिताबाई प्रयोगशाळेतला काचांचा चुरा झाडत होत्या, तेव्हा मी तो रुमालात गुंडाळला. दहा महिने तो आमच्या घरात स्टीलच्या डब्यात आहे, सोजीच्या डब्यामागं. त्यातला कॅपॅसिटर फुटलेला आहे, त्यात आता काहीही साठू शकत नाही. तरीसुद्धा डबा उघडला की हात लावण्याआधी मी त्याच्या पायांना पेचकस टेकवतो. बेबीताईनं एकदा पाहिलं. म्हणाली, "याच्यात कोनाचा जीव हाय का? तू भेतं काहून?"

उद्या पार्सलनं पाठवतो. तूच बघ. कॅपॅसिटरची टोपी उडाली आहे, वरचं प्लास्टिक अर्धं जळालं आहे, पण वजा खुणेचा पट्टा शाबूत आहे, आणि तो बोर्डावरच्या वजा खुणेसमोरच आहे. तू सरळ बसवला होतास. समितीनं न बघता लिहिलं. त्यांनी पुरावा फेकून देऊ नये म्हणून मी तो उचलला होता.

आता तरी टॉर्चमधे सेल स्वतः घाल.

प्रसेनजित

किन्हीराजा
२० जानेवारी

प्रसेनजित,

पार्सल मिळालं. पट्टा बोटानं पाहिला, नंतर डोळ्यानं. सरळ आहे.

मग कॅपॅसिटर फुटला कशानं?

ओव्हरव्होल्टेज ट्रिपच्या दोन पायांवर सोल्डरची दोन ढेकळं आहेत. ती माझी नाहीत, मी असं सोल्डर करत नाही. दोन्ही ढेकळांतून तार कापल्याची चकाकी दिसते. तिथं काय होतं?

खरं लिहायचं असेल तर लिही. नाही तर पत्रं बंद कर. आई विचारते कोणाची येतात.

योगिनी

२४ जानेवारी २०२५

योगिनी,

तार होती.

दोन इंच. रेझिस्टरचा कापलेला पाय नव्हे, साधी तांब्याची तार. आदल्या दिवशी दुपारी तू जेवायला गेलीस तेव्हा लावली. बाहेरचा लूप मी आधीच वेगवान करून ठेवला होता, तुला न सांगता. अर्ध्या लोडला झकास चाललं. व्होल्टेज जागचं हलेना. पूर्ण लोड काढला की मात्र ते चढायचं आणि ट्रिप व्हायचं. तीनदा झालं. मला वाटलं, ट्रिप झालं नाही तर क्षणात खाली येईल, लूप सांभाळून घेईल. मग दोन पाय तारेनं जोडले. म्हणजे आता काहीही झालं तरी बोर्ड स्वतःहून बंद पडणार नव्हता.

मी खोटं लिहिलं की समितीपासून वाचवायला बोर्ड उचलला. मी तो तारेपायी उचलला. घरी नेऊन तार कटरनं कापली. बोर्ड फेकून दिला असता तर सुटलो असतो. फेकवला नाही. तार पाकिटात ठेवली, अजून आहे. कॉलरबिलर नंतरची. विभागप्रमुख एवढंच विचारत होते, "बोर्ड कोणाकडं होता शेवटी?" आणि मी त्यांची कॉलर धरली. मला काढलं नाही त्यांनी. मीच गेलो नाही परत. लोकांनी त्याला प्रेम ठरवलं, मी ठरवू दिलं.

एवढंच असतं तर बरं होतं. अजून एक आहे, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, काकांनाही नाही.

अकरा मार्च, साडेअकरा. परीक्षक म्हणाले, "पूर्ण लोड काढा." तू बल्बांचा स्विच पाडलास. दहाही बल्ब एकदम विझले. परीक्षक म्हणाले, "रीडिंग सांगा," म्हणून तू मीटरवर वाकलीस, मीटर बोर्डाला लागूनच होतं. तू मोठ्यानं वाचायला लागलीस. "चारशे बारा." कॉइल गुणगुणायला लागली. "चारशे एक्केचाळीस." तुझा आवाज बदलला. "प्रसेन, चढून राह्यलं."

टेबलाच्या कडेला लाल बटण होतं. माझा हात त्याच्यावर होता. जवळ नव्हे, त्याच्यावर. तळहाताला प्लास्टिक लागत होतं.

मी दाबलं नाही.

मला वाटलं, आता उतरेल. बटण दाबलं तर पैज गेली. आता उतरेल, आता उतरेल, तू आमच्या दारात चप्पल काढशील, बेबीताई तुला पाट देईल. तू म्हणालीस, "चारशे अठ्ठ्याऐंशी," आणि माझ्याकडं पाहिलंस. माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं. मग परत मीटरकडं वळलीस. आणि मग तो आवाज.

तीन सेकंद. मी नंतर हजारदा मोजले आहेत. काका साठ मोजतात, मी त्यातल्या तीनवर थांबतो.

तू हात पाहिला होतास का? तेवढंच मला माहीत नाही. पाहिला असशील आणि तरी सगळं स्वतःवर घेऊन सही केली असशील, तर मी कसा जगू ते सांग. पाहिला नसेल तर आता कळलं.

मला तू पाहिजे आहेस हे अजूनही खरं आहे. ते लिहायची ही जागा नाही, पण दुसरी जागा उरलेली नाही.

प्रसेनजित

किन्हीराजा
५ फेब्रुवारी

प्रसेनजित,

हात पाहिला होता. मला वाटलं तू दाबलंस आणि बटण चाललं नाही. अकरा महिने मला वाटत होतं की ते बटण मी आदल्या दिवशी तपासायला पाहिजे होतं. सही मी त्यासाठीही केली होती.

तू दाबलंच नव्हतंस, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नाही. तुझ्याबद्दल नाही आलं.

मंगळवारी, १८ तारखेला, अकरा वाजता कॉलेजमधे ये. मी बाबांना घेऊन येणार आहे. बोर्ड मी आणते, तार तू आण. तोंडी बोलू नकोस, तुला बोलताना राग येतो आणि मुद्दा राहून जातो. लिहून आण. बटणाचंही लिही.

पैज तू हरलास. बेबीताईंना माझा जय भीम सांग. त्यांचा यात काही दोष नाही.

काल घरातल्या टॉर्चमधे सेल घातला. लागला.

यापुढं पत्र लिहू नकोस.

योगिनी

कारंजा (लाड)
१८ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. प्राचार्य

विषय: दि. ११ मार्च २०२४ रोजीच्या प्रयोगशाळेतील अपघाताचा चौकशी अहवाल दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

मी विद्युत शाखेच्या शेवटच्या वर्षाचा माजी विद्यार्थी असून खालील माहिती स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाविना लिहून देत आहे.

सदर बोर्डावरील कॅपॅसिटर कु. योगिनी यांनी बरोबर बसवला होता. त्यांच्या कामात कोणतीही चूक नव्हती. व्होल्टेज नियंत्रणाचा वेग मी त्यांच्या नकळत वाढवला. त्यांनी वेग कमी ठेवण्यास अनेकदा सांगितले होते. जादा व्होल्टेज झाल्यास बोर्ड बंद करणारी ट्रिपची व्यवस्था मी तार लावून निकामी केली. अपघातानंतर बोर्ड मी उचलून नेला व ती तार कापून टाकली. त्यामुळे समितीस सत्य समजू शकले नाही.

व्होल्टेज चारशेच्या वर चढत असताना बंद करण्याचे लाल बटण माझ्या हाताखाली होते. बटण चालू स्थितीत होते. बटणात दोष नव्हता. मी ते अंदाजे तीन सेकंद दाबले नाही. यामागे तांत्रिक कारण नव्हते.

अहवालातून कु. योगिनी यांचे नाव काढून तेथे माझे नाव घालावे. होईल ती कारवाई मला मान्य आहे. विभागप्रमुखांशी केलेल्या वर्तनाबद्दल त्यांची माफी मागतो.

आज सकाळी एसटी स्टँडवर येण्याआधी मी वजनकाट्यासमोर उभा राहून एका गाडीचे पूर्ण वजन होईपर्यंत आकडे पाहिले. या वाक्याचा चौकशीशी संबंध नाही. खोडायचे असल्यास खोडावे.

आपला,
प्रसेनजित

सोबत जोडले: तांब्याची तार, एक. लांबी दोन इंच.